टोकनचा चेक फाडण्याआधीचे पंधरा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीत, वय ३१ आणि २९, खराडीत २२ हजार भाड्याने राहतात. वाघोलीत बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात दहाव्या मजल्यावरचा टू बीएचके आवडला आहे, किंमत ६० लाख. येत्या रविवारपर्यंत एक लाख टोकन दिलं तर फ्लोअर राइजचे (वरच्या मजल्यासाठी लावलेले जादा) पैसे माफ, असं सेल्स ऑफिसने सांगितलं आहे. बार्शीजवळ राहणारे वडील एक एकर विकून दहा लाख द्यायला तयार आहेत. थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं आहे. घर घ्यावं का, आणि घेण्याआधी काय काय बघावं?

रविवारी टोकन देऊ नका. तो फ्लॅट चांगला की वाईट हे मला माहीत नाही. पण ज्या दिवशी तुमचा चेक वटतो त्या दिवसापासून तुमची बाजू हलकी होते, हे मी २३ वर्षं पुण्यात स्थावर मालमत्तेची वकिली करताना रोज बघते आहे. चेक देण्याआधी कागदांची फाइल चहासोबत टेबलावर येते. चेक दिल्यावर तीच फाइल "लीगल डिपार्टमेंटकडे आहे, पुढच्या आठवड्यात बघू" अशी होते. प्रश्न तेच, कागद तेच. आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही हे फक्त समोरच्याला कळलेलं असतं. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते सगळं टोकनच्या आधी उरकायचं. पंधरा दिवस पुरतात. तेवढ्यात फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला तर घेऊ द्या, वाघोलीत टू बीएचकेची टंचाई नाही.

आधी पैशांचं बोलू. ६० लाखांचं घर ६० लाखांना पडत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. झाले साडेसात लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढीच मर्यादा आहे, आणि या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरत नाहीत. म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त ४८ लाख मिळतील. उरलेले १२ लाख आणि वरचे साडेसात असे साडेएकोणीस लाख घरचे लागणार. त्यावर एक-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, सोसायटी नोंदणीचा खर्च, वीज मीटर, वकिलाची फी, आणि मग किचन ट्रॉली, पंखे, पडदे, ग्रिल. हा आकडा मी नेहमी २३ लाख धरायला सांगते. तुमच्याकडे आज १३ आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे वडिलांचे दहा आले तरच हे गणित जेमतेम जुळतं. त्याबद्दल शेवटी बोलते.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर बिल्डरला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो, तोही प्रत्येक हप्त्याला. हे वरचे पैसे नाहीत, त्याच ६० लाखांतले आहेत. पण भरायचं राहिलं तर नोटीस तुमच्या पॅनवर येते, बिल्डरच्या नाही. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे तुमचे ६० हजार वाचतील. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. मात्र कर्जाचा हप्ता जर तुमच्या पगारातून जाणार असेल आणि जुन्या करप्रणालीतली वजावट तुम्हाला हवी असेल, तर घरावर तुमचं नाव असावं लागतं. ६० हजारांसाठी नावाचा निर्णय घेऊ नका. दोघं कमावता, दोघांची नावं असू द्या.

हप्ता. ४८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं धरली तर महिन्याला सुमारे ४१,६५५ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३४ हजार निव्वळ व्याजाचे, मुद्दल फिटतं साडेसात हजारांच्या आसपास. वीस वर्षांत एकूण भराल जवळजवळ एक कोटी. फ्लोटिंग दर एका टक्क्याने वाढला तर हप्ता ४४,७०० च्या पुढे जातो, किंवा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते आणि तुमच्या लक्षातही येत नाही. आजचा नव्हे, तो वाढीव हप्ता दोघांपैकी एकाच्या पगारात सहा महिने तरी निघेल का, हे कागदावर मांडून बघा. मूल व्हायचं असेल, एकाची नोकरी जाईल, सासूबाईंचं ऑपरेशन निघेल; वीस वर्षं हा मोठा काळ आहे. एक दिलासा आहे: वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज आधी फेडायला दंड नसतो. दरवर्षी बोनसमधून एक जादा हप्ता भरलात तर तीन वर्षांहून अधिक मुदत कमी होते.

बांधकाम चालू असताना भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकदम सुरू असतं, ही गोष्ट सेल्स ऑफिसमध्ये कुणी बोलत नाही. प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) बिल्डरने ४५ टक्के मागितले, त्यातले १२ लाख तुमचे गेले, तर बँकेचे १५ लाख उचलले जातात. त्याचं महिन्याचं व्याज दहा हजारांच्या वर, शिवाय २२ हजार भाडं. पुढे प्रत्येक स्लॅबला ते चढत जातं. ताबा वर्षभर लांबला तर हे वर्षभर जास्त. "ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही" अशा योजनेचं आमिष दाखवलं तर हप्ता कोण भरणार आणि त्याने भरला नाही तर बँक कुणाच्या मागे लागणार, हे लेखी विचारा. कर्ज तुमच्या नावावर आहे, बँक तुमच्याच मागे लागते.

आता कागद. बहुतेक जण मला पहिलंच वाक्य सांगतात: "मॅडम, अमुक बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय, म्हणजे टायटल क्लिअरच असणार." मी स्वतः अकरा वर्षं बँकांच्या पॅनेलवर होते, म्हणून हे आतून सांगते. पॅनेलचा वकील बँकेसाठी रिपोर्ट देतो, तुमच्यासाठी नाही. प्रकल्प एकदा मंजूर झाला की पुढच्या शेकडो फ्लॅटना तोच रिपोर्ट चालतो, आणि तो दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो. फी ठरावीक आणि थोडी असते, कागद बिल्डरनेच दिलेले असतात, आणि बँकेला कळीचा प्रश्न एकच असतो: पैसे बुडाले तर हे घर विकून निघतील का? तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला त्या घरात राहायचं आहे. बँकेचा होकार ही चांगली खूण आहे, पण त्यावर थांबू नका. स्वतःचा वकील नेमा, बिल्डरने सुचवलेला नको. एवढ्या मोठ्या व्यवहारात त्याची फी ही तुम्ही वाचवायची शेवटची गोष्ट असावी.

तो वकील ३० वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध, घेईल. पण काही गोष्टी तुम्ही आज रात्री घरी बसून बघू शकता. जमिनीचा गट नंबर घ्या आणि सातबारा ऑनलाइन काढा. वरच्या नावांपेक्षा खालचा "इतर अधिकार" हा रकाना नीट वाचा. तिथे बँकेचा बोजा, कूळ, वारसाची नोंद, वतन किंवा इनामाची अट, कूळकायद्याच्या कलम ४३ ची अट (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकायची नाही) असं काही असेल तर ते तिथे सापडतं. भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं दिसलं तर थांबा; अशी जमीन सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांशिवाय विकता येत नाही, आणि ती परवानगी नसताना उभी राहिलेली इमारत पुढे फार दुखते. मग प्रत्येक फेरफार (मालकी-हक्क बदलल्याची नोंद) नंबरानुसार मागे मागे वाचत जा. वाघोली, मोशी, उंड्री, मांजरी अशा गावांत जमीन एकेकाळी भावाभावांत वाटलेली असते, आणि जुन्या फेरफारात बहिणींची नावं गायब झालेली दिसतात. एखाद्या आत्याचे नातू तीस वर्षांनी दिवाणी दावा टाकतात आणि अडकतो तो फ्लॅटवाला. ई-कोर्ट्सवर मूळ जमीनमालकांच्या आडनावाने आणि बिल्डरच्या फर्मच्या नावाने दावे शोधता येतात. तासाभराचं काम आहे, करा.

जमीन बिल्डरची असेल असं नसतं. पुण्यात बरेचदा जमीन शेतकऱ्याची असते आणि बिल्डरकडे विकसन करारनामा (त्या जमिनीवर बांधण्याचा करार) व कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सह्या करायचा अधिकार) असतं. ही दोन्ही कागदपत्रं नोंदणीकृत आहेत ना, त्यांचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) मिळतो ना, आणि जमीनमालकाच्या वाट्याला कुठले फ्लॅट आलेत, हे बघायचं. तुमचा फ्लॅट जमीनमालकाच्या वाट्यातला असेल तर करार कोणाबरोबर होणार, पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे सगळं बदलतं. असा फ्लॅट घेऊ नये असं मी म्हणत नाही, पण ते तुम्हाला टोकनआधी कळलंच पाहिजे.

महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी आहे, हे तुम्ही लिहिलंत. नोंदणी क्रमांक जाहिरातीवर दिसतो, आता क्यूआर कोडही असतो, आणि लोक तिथेच निश्चिंत होतात. डोंबिवलीचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून बिल्डरांनी महारेराची नोंदणी मिळवली, लोकांनी ती बघून घरं घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ बेकायदा इमारती पाडायचे आदेश दिले. त्याआधी वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडमध्ये मंजुरीपेक्षा जास्त चढवलेल्या मजल्यांवर लोक वर्षानुवर्षं राहत होते, तरी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू टिकली नाही. महारेराचं पान हे सुरुवातीचं दार समजा. आत जाऊन मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र डाउनलोड करा, आणि त्यावरचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) बांधकाम परवानगी विभागात खातरजमा करा. वाघोली ३० जून २०२१ ला महापालिकेत आली. तुमची परवानगी महापालिकेची असेल किंवा पीएमआरडीएची, त्यामुळे तुमच्या प्रकल्पाची फाइल नेमकी कुठल्या कार्यालयात आहे ते आधी विचारून घ्या.

आणि मजला बघा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने अकराव्या मजल्यावरचं घर बुक केलं होतं, त्या दिवशी मंजुरी सात मजल्यांची होती. वरचे मजले टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घेऊन नंतर मंजूर होणार होते. बिल्डरने तसं तोंडी सांगितलंही होतं, "प्रोसेसमध्ये आहे" या शब्दांत. टीडीआर आला, पण चार वर्षांनी. तोवर त्यांचे नऊ लाख नुसत्या पावतीवर पडून होते, कारण मंजुरीच नसलेल्या फ्लॅटचा करार नोंदवता येईना. तुमचा मजला दहावा आहे. मंजूर नकाशात दहावा मजला आहे का, आणि त्यावर तुमचाच फ्लॅट नंबर आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "प्रपोज्ड" असा शब्द दिसला तर तिथे आज काहीही नाही असं समजा.

महारेराच्या पानावर आणखी दोन गोष्टी सांगून जातात. एक, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे. दोन, त्याच बिल्डरचे जुने प्रकल्प आणि त्यांवरच्या तक्रारी. जुन्या प्रकल्पात जाऊन सोसायटीच्या चेअरमनना किंवा सेक्रेटरींना भेटा, एक प्रश्न विचारा: "कन्व्हेयन्स झालं का?" जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून देणं ही बिल्डरची कायदेशीर जबाबदारी आहे. ती ज्याने दहा वर्षं टाळली तो तुमच्या बाबतीतही टाळेल. डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरच्या सहीशिवाय मालकी मिळवण्याचा) मार्ग आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, पण त्यात सोसायटीची वर्षं जातात.

किंमत कशाची देता आहात हेही तपासा. ब्रोशरमध्ये "९५० सेलेबल" (सामाईक जागा धरून फुगवलेले चौरस फूट) असेल, त्याला कायद्यात काही अर्थ उरलेला नाही. करार कार्पेटवर (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर) होतो आणि रेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांच्या कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये बाल्कनी, ओपन टेरेस आणि बाहेरच्या भिंती येत नाहीत, आतल्या भिंती येतात. नकाशात चौरस मीटर असतात, १०.७६४ ने गुणा. ५९.५ चौरस मीटर म्हणजे ६४० चौरस फूट. ६० लाखांना ६४० ने भागा आणि तो दर शेजारच्या तयार इमारतींतल्या कार्पेट दराशी ताडा. तुलना करायची तर अशीच करायची. पार्किंग उघड्यावरचं असेल तर त्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, आणि झाकलेलं असेल तर त्याचा नंबर, लांबी-रुंदी करारात हवी.

टोकन द्यायची वेळ आली तरी वाटपपत्र (फ्लॅट तुमच्यासाठी राखल्याचं पत्र) वाचल्याशिवाय देऊ नका. महारेराचा नमुना आहे. त्यात पहिल्या १५ दिवसांत रद्द केलं तर कपात नाही, आणि कितीही उशिरा केलं तरी ती किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत. तुमच्या हातात ठेवलेल्या फॉर्ममध्ये "टोकन नॉन-रिफंडेबल" असेल तर त्या ओळीवर बोट ठेवून विचारा. रेराप्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. आणि रोखीचा विषय निघाला, कितीही गोड शब्दांत निघाला, तर त्या टेबलावरून उठा. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख हा प्राप्तिकर कायद्याचा भंग आहे, आणि ते पैसे करारात दिसत नसल्यामुळे व्यवहार फिसकटला तर तुम्हाला परत मागायचीही सोय नाही.

कराराचा मसुदा घरी आणून दोन रात्री वाचा. मी कुठे थांबते ते सांगते. ताब्याची तारीख महारेराच्या तारखेशी जुळते का. हप्त्यांचं वेळापत्रक कामाशी जोडलेलं आहे की तारखांशी. नमुना करारात प्लिंथपर्यंत ४५, सगळ्या स्लॅबपर्यंत ७० आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि ताब्याच्या वेळी असं आहे, आणि त्या शेवटच्या पाच टक्क्यांवरच तुमची गळकी भिंत दुरुस्त होते. उशीर झाला तर तुम्हाला मिळणारं व्याज आणि तुम्ही उशीर केला तर बिल्डर लावणार ते व्याज, दर एकच हवा. नकाशात बदल करायची आगाऊ संमती तुमच्याकडून आत्ताच घेतली आहे का. असेल तर ते कलम खोडायला सांगा. पुढचे टप्पे, क्लब हाउस, आरक्षित जागा यांबद्दल करारात काय आहे. ब्रोशरमधली पोहण्याची टाकी करारात नसेल तर ती नाहीच असं धरून किंमत ठरवा. बिल्डर "आमचा करार स्टँडर्ड आहे, बदल होत नाही" म्हणेल. थोडे बदल होतात, मी करून घेतले आहेत, आणि ते सगळे टोकनच्या आधी झाले आहेत.

तारीख चुकली तर रेराच्या कलम १८ प्रमाणे व्याजासह पैसे परत किंवा ताब्यापर्यंत दरमहा व्याज मागता येतं. हा अधिकार खरा आहे. पण आदेश मिळाल्यावरही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं, आणि माझ्याकडे असे अशील आहेत जे हातात आदेश घेऊन वाट बघत आहेत. कायदा पाठीशी आहे म्हणून कच्चा बिल्डर चालेल, असं समजू नका.

आता पाणी, कारण नगर रोडच्या पट्ट्यात कागदांइतकंच पाण्यावर घर ठरतं. प्रकल्पाच्या भोवतालच्या तीन सोसायट्यांत जा, वॉचमनला विचारा एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात, आणि सेक्रेटरींना टँकरचं महिन्याचं बिल विचारा. ते बिल भागिले फ्लॅट, ही तुमच्या हप्त्यावरची कायमची भर आहे. पाइपलाइन येईपर्यंत पाणी पुरवण्याचं हमीपत्र बिल्डरने परवानगी घेताना दिलं असेल तर त्याची प्रत मागा. सोसायटी तुमच्या हातात आल्यावर टँकरचं बिल कोण भरणार, ही भांडणं मी वर्षानुवर्षं बघते आहे. जागा रविवारी दुपारी बघू नका. एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला तिथून ऑफिसला जाऊन बघा, आणि जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी परत जा. पत्नीलाही एकटीने रात्री नऊला त्या आतल्या रस्त्याने येऊन बघू दे, आणि तिला काय वाटलं ते ऐका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर तुमच्या जागी मी आधी दहा-बारा वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट बघितला असता. खराडी, चंदननगर, धानोरी. जीएसटी नाही, भाडं आणि व्याज एकदम नाही, पाण्याचं खरं काय ते लिफ्टमध्ये भेटलेला पहिला माणूस सांगतो. त्यात वेगळ्या गोष्टी बघायच्या: भोगवटा प्रमाणपत्र आहे का (पुण्यात लोक कम्प्लीशन म्हणतात), पहिल्या खरेदीदारापासून आजवरचे सगळे मूळ करार आणि इंडेक्स टू सलग आहेत का, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), विक्रेत्याचं कर्ज. कर्ज असेल तर घाबरू नका, तुमची बँक थेट त्याच्या बँकेचं कर्ज फेडून कागद ताब्यात घेते. फक्त त्या बँकेचं येणे बाकीचं पत्र आधी मागा. सोसायटीने हस्तांतरणासाठी मागितलेला प्रीमियम महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त असू शकत नाही, "डोनेशन" म्हणूनही नाही.

आणि मूळ मालक वारलेला असेल तर नॉमिनी हा शब्द ऐकून समाधान मानू नका. मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लागलं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं, त्याने फ्लॅट विकला, आणि आठ महिन्यांनी परदेशातल्या मुलीच्या वकिलाची नोटीस खरेदीदाराच्या दारात आली, असं प्रकरण मी चालवलं आहे. नॉमिनी सोसायटीच्या दृष्टीने व्यवहार सांभाळणारा असतो, मालक वारस असतात. सगळ्या वारसांच्या सह्या करारावर घ्या, नाहीतर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. त्या खरेदीदाराचा ताबा अखेर टिकला, पण मुलीला तिचा वाटा त्यालाच पुन्हा मोजावा लागला.

ताबा घेताना काय करायचं ते लवकर सांगते: भोगवटा प्रमाणपत्राशिवाय "फर्निचरसाठी चावी" घेऊ नका, बाथरूममध्ये पाणी साठवून खालच्या घराचं छत बघा, दोष लिहून ई-मेलने पाठवा. बांधकामातल्या दोषांची बिल्डरची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं असते.

राहिली वडिलांची जमीन. ६० लाखांचं घर त्यांचं एक एकर विकूनच जुळत असेल, तर ते घर आज तुमच्या आवाक्यापेक्षा एका खोलीने मोठं आहे, असं मला वाटतं. ४५ लाखांच्या आत कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंतचं नवीन घर मिळालं तर पुण्यात जीएसटी १ टक्का लागतो. जुन्या सोसायटीतला वन बीएचके चाळीस लाखांच्या आत मिळाला तर तुमच्या तेरा लाखांत सगळं बसतं, आणि वडिलांच्या म्हातारपणाची सोय जागेवर राहते. पाच-सहा वर्षांनी मोठं घर घेता येईल. विकलेली जमीन परत घेता येणार नाही.

तरीही ते देणारच म्हणत असतील, तर आधी सातबारा काढा. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तुमच्या बहिणीचा त्यात तुमच्याइतकाच वाटा आहे, लग्न झालं असलं तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो जन्मसिद्ध हक्क असल्याचं स्पष्ट केलं. तिची सही लागेल, आणि सहीच्या आधी तिच्याशी बोलणं लागेल. गावाकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण जमीन बार्शी शहराच्या हद्दीपासून किती अंतरावर येते त्यावर ते ठरतं, एवढं सीएला विचारून घ्या. पैसे वडिलांच्या खात्यातून तुमच्या खात्यात बँकेमार्फत येऊ द्या आणि ते बक्षीस आहेत की परत द्यायचे आहेत, हे दोन ओळींत लिहून चौघांनी सह्या करा. या रविवारी वाघोलीला जाण्याऐवजी बार्शीला जा, आणि बहिणीलाही तिथे बोलवा.